साडेसात मिनिटं

रुस्ताकहून डोंगराकडे निघालं की
डांबर संपतं तिथं सुवैरा.
चाळीस घरं, एक मशीद, खजुरांची दाटी,
आणि मागे डोंगर, नुसता दगड,
गवताचं एक पातंही अंगावर न घेता उभा.
कंपनीची पिकअप घेऊन मी येतो महिन्यातून दोनदा.
वरच्या अंगाला दोन बोअर मारलेत,
त्यांचे पंप माझ्याकडे.

गाव मात्र जगतं पाटावर.
डोंगराच्या पोटातून कुणी कधी खणून आणलेला,
फलज म्हणतात त्याला.
अर्ध्या तासाच्या पाण्याचा एक अथर.
जमीन एकाची, पाणी दुसऱ्याचं, असंही चालतं.
झुवैनाबाईंना तर दोन अथर लग्नात मिळाले,
नवरा गेला, पोरं मस्कतला, पाणी अजून येतं.
आधी काठीची सावली बघून पाळी बदलायची,
रात्री तारे बघून.
आता खलफानच्या मोबाइलमध्ये कोंबडा आरवतो.

पंप चालला की पाट उतरतो,
हे त्यालाही ठाऊक, मलाही.
तो खजूर पुढे करतो, मी कॉफी पितो.

त्या शुक्रवारी नमाजानंतर
मशिदीच्या वाट्याचं पाणी लिलावात निघालं.
मी भिंतीवर बसून पाना पुसत होतो.
पाव अथराची बोली साडेतीनशे बैशांवर अडली
आणि माझ्या तोंडून गेलं : चारशे.
कुणीतरी हसलं.
खलफान हसला नाही. वही उघडली.
नाव?
भटू.
अरबीत ना भ, ना ट. त्याने बतू लिहिलं.
कुणाचा?
दगाचा.
बतू बिन दगा, पाव अथर, रविवार, पहाटे पावणेचार.
जमीन कुठली?
नाही म्हटल्यावर
त्या रकान्यात त्याने एक आडवी रेघ मारली.

माझा बाप पांझरेच्या फडावर पाटकरी.
जन्मभर दुसऱ्यांच्या उसात पाणी सोडलं,
खांद्यावर फावडं, पायाच्या बोटांत चिखल्या.
वरच्याने बारं फोडलं तरी
खालच्याच्या शिव्या यालाच.
सुगीत खळ्यावर जायचा, मिळतील त्या पेंढ्या उचलायचा
आणि देणाऱ्याकडे बघायचा नाही.
सातबाऱ्यावर आम्ही नव्हतो,
म्हणून पाळीच्या यादीतही नव्हतो.
यादी मात्र त्याला तोंडपाठ.

रविवारी अंधारातच गेलो.
मफीझुल पाटाशी उकिडवा बसला होता,
चिंध्या गुंडाळलेल्या दगडावर हात ठेवून.
नोआखालीचा माणूस. अकरा वर्षं इथली लसूणघास कापतोय.
'किधर छोडू, भाई?'

माझ्याकडे पाणी होतं
आणि ते सोडायला जागा नव्हती.

बूट काढले, पाय पाटात घातले.
वाटलं होतं गार लागेल.
कोमट होतं, डोंगराच्या आतलं,
अंगाखाली झाकून ठेवल्यासारखं.
किती मिनिटं गेली कोण जाणे. बाप आठवला असता तर बरं,
आठवल्या त्याच्या टाचा.

मफीझुल काही बोलला नाही.
नुसता भिंतीच्या कडेला बघत राहिला.
तिथं वीतभर रुंद वाफा, त्याचा स्वतःचा,
लाल माठ, काठीवर चढवलेला एक दुधी.
मालकाला ठाऊक असेल, नसेल.
म्हटलं, सोड.
पाणी वाफ्यात शिरलं,
तहानलेलं कुत्रं पितं तसा आवाज करत.

कोंबडा आरवला.
दगड पुन्हा बसला, चिंध्या खोचल्या,
पाणी झुवैनाबाईंच्या लिंबांकडे वळलं.
'बतू,' अंधारातून खलफान म्हणाला,
'अर्धं मिनिट जास्त घेतलंस.
पुढच्या खेपेला कापून घेईन.'

वरचा पंप सातला चालू करायचा होता.
ओले पाय तसेच बुटांत कोंबले.
चढावर पिकअप दोनदा बंद पडली,
क्लचवरून पाय सरकत होता.